अर्धवट देव आणि झाडू मारणारा राजा

आमच्या देव्हाऱ्याचा एक नियम होता. मूर्तीचा टवका जरी उडाला, तरी ती पूजेत ठेवायची नाही. रांगत्या बाळकृष्णाचा लोण्याचा गोळा धरलेला हात एकदा घासताना निखळला. आजीने दुसऱ्याच दिवशी त्याला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, नदीत सोडलं आणि बाजारातून नवा बाळकृष्ण आणवला. अशा घरात वाढल्यावर जगन्नाथपुरीचा फोटो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा जो प्रश्न पडायचा तो पडलाच. या देवाला पंजे नाहीत, पावलं नाहीत, कान नाहीत, आणि डोळे मात्र ताटाएवढे. हा पूजेत कसा?

दुसरा प्रश्न टीव्हीमुळे पडतो. दर आषाढात रथयात्रेच्या बातम्यांत एक दृश्य हमखास असतं. पांढऱ्या पोशाखातले एक गृहस्थ पालखीतून उतरतात, रथावर चढतात आणि सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथ झाडू लागतात. हे पुरीचे राजे, असं निवेदक सांगतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. राजा झाडू का मारतो, हे राहूनच जातं.

अलीकडे पुरी आषाढाबाहेरही बातम्यांत असते. 14 जुलै 2024 रोजी देवळाचं रत्नभांडार, म्हणजे दागदागिन्यांची कोठी, उघडली. त्याआधीची मोजदाद 1978 ची. एप्रिल 2025 मध्ये पश्चिम बंगालमधल्या दीघा इथे नवं जगन्नाथ मंदिर खुलं झालं आणि त्याला ‘धाम’ म्हणावं का, यावरून ओडिशात वाद पेटला. दोन्ही बातम्यांचा तळ एकच आहे: देवाचं धन कुणाचं, नाव कुणाचं, देऊळ कुणाचं? पुरीच्या मूळ कथेत राजाची परीक्षा होते ती नेमकी याच विषयाची. अर्धवट मूर्ती आणि राजाचा झाडू, दोन्हींची उत्तरं तिथेच आहेत.

## नीलमाधव, शबर आणि मूठभर मोहरी

अमुक जागा पवित्र का झाली, हे सांगणाऱ्या कथेला स्थलपुराण म्हणतात. पुरीच्या स्थलपुराणाचं एक रूप स्कंदपुराणात आहे, दुसरं ब्रह्मपुराणात, तिसरं पंधराव्या शतकातल्या सारळा दासांच्या ओडिया महाभारतात आणि चौथं लोकांच्या तोंडी. ही चारही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. मी मुख्यतः लोकांच्या तोंडचं सांगतो, कारण पुरीत आज जे चालतं ते त्याच्याशी जास्त जुळतं.

अवंतीचा, म्हणजे आजच्या उज्जैनच्या बाजूचा, राजा इंद्रद्युम्न. विष्णुभक्त, दानशूर, सगळं यथासांग करणारा. पूर्वेकडे समुद्राजवळ नीलमाधव नावाचा देव साक्षात नांदतो, असं त्याला एका यात्रेकरूकडून कळतं. राजा शोध घ्यायला विद्यापती नावाच्या ब्राह्मणाला धाडतो.

विद्यापती जंगलात शबरांच्या वस्तीवर पोहोचतो. शबर म्हणजे तिथले वनवासी लोक. त्यांचा प्रमुख विश्वावसू रोज पहाटे एकटाच कुठेतरी जातो आणि चंदनाचा वास घेऊन परततो. विद्यापती वस्तीत राहतो, विश्वावसूची मुलगी ललिता हिच्याशी लग्न करतो आणि सासऱ्याने आपल्याला तो देव दाखवावा म्हणून तिच्यामार्फत गळ घालतो. सासरा एका अटीवर तयार होतो: जाता-येता डोळ्यांवर पट्टी. जावई पट्टी बांधून घेतो, पण वाटेत मोहरी सांडत जातो. पावसाळा आला की मोहरी उगवणार आणि वाट आपोआप दिसणार.

महानदीच्या काठी कांटिलो इथे आज नीलमाधवाचं देऊळ आहे. ही गोष्ट तिथलीच, असं तिथले लोक मानतात.

एक गोष्ट इथे लपवण्यात अर्थ नाही. देवळाची कथा सुरू होते ती विश्वासघाताने. शबराचा गुपित देव त्याच्या जावयाने उघड केला. पुढे जे घडतं त्यावर या मोहरीची सावली आहे. मला ही कथा प्रामाणिक वाटते ती याचसाठी की तिने हा भाग गाळलेला नाही.

## पहिला झटका: राजा आला, देव गेला

विद्यापतीचा निरोप मिळताच राजा लवाजमा घेऊन निघतो. पोहोचतो तर जागा रिकामी. नीलमाधव अंतर्धान पावलेला, सगळीकडे वाळूच वाळू.

सैन्य घेऊन गेलं की गढी मिळते. राजाला आयुष्यभर एवढंच ठाऊक. इथे ते चाललं नाही. शबराला जो देव रोज रानफुलं वाहून भेटत होता, तो सम्राटाला हत्ती-घोड्यांसह येऊन भेटेना. राजा अन्न सोडून प्राण द्यायला बसतो, तेव्हा वाणी होते की आता नीलमाधव दिसणार नाही, लाकडाच्या रूपात येईन. या लाकडी रूपाला ‘दारुब्रह्म’ म्हणतात. दारू म्हणजे संस्कृतात लाकूड. मराठी वाचकाने उगाच दचकू नये.

स्कंदपुराणात यापुढे नारद येतात आणि राजा हजार अश्वमेध करतो. लोककथेला अश्वमेधांत फारसा रस नाही. तिला ओंडक्यात रस आहे.

## ओंडका हलेना

समुद्रात एक मोठा ओंडका वाहत येतो. सैनिक ओढतात, हत्ती ओढतात, तो जागचा हलत नाही. शेवटी राजाला उमगतं किंवा स्वप्नात सांगितलं जातं की विश्वावसूला बोलाव. राजा बोलावतो. एका बाजूला शबर आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मण हात लावतात, तेव्हा लाकूड उचललं जातं.

गावाकडे जत्रेत पालखी जड होते, हे आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एखाद्या मानकऱ्याला डावललं की पालखी उचलत नाही. त्याला मनवून आणलं, त्याने खांदा दिला, की फुलासारखी निघते. पालखीच्या वजनात काय फरक पडतो, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही, कारण ‘कुणाला वगळून चालणार नाही’ ही गोष्ट सगळ्या गावाला एका क्षणात कळलेली असते. पुरीचा ओंडका त्याच भाषेत बोलतो.

## बंद दार

आता मूर्ती घडवायच्या. राजाच्या सुतारांची हत्यारं लाकडाला लागताच मोडतात. मग एक म्हातारा सुतार येतो. कुणी म्हणतं विश्वकर्मा, कुणी म्हणतं स्वतः देव. त्याची अट एकच: दार बंद करून एकवीस दिवस काम करीन, तोवर कुणी उघडायचं नाही.

राणी गुंडिचा दाराला कान लावून बसते. ठोकण्याचा आवाज येतो तोवर जीव भांड्यात असतो. एक दिवस आवाज थांबतो. म्हातारा उपाशी मेला तर नाही? राणी घाबरते, राजाला विनवते आणि दार उघडतं. आत सुतार नाही. जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा आहेत, पण हातांना पंजे नाहीत, पाय घडलेलेच नाहीत.

दुधाला विरजण लावल्यावर दर अर्ध्या तासाने झाकण उघडून भांडं हलवलं की काय होतं, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. दही लागत नाही. लावणाऱ्याचं चुकलेलं नसतं, दूधही चांगलं असतं. वाट पाहवत नाही, एवढंच.

स्कंदपुराणात मुदत पंधरा दिवसांची आहे आणि राणीने दार उघडण्याचा प्रसंगच नाही. तिथे मूर्ती वेळेवर प्रकट होतात. म्हणजे दार वेळेआधी उघडण्याची कल्पना लोकांची. समोर अशी मूर्ती आहे, तिचं कारण द्यायला हवं, आणि लोकांनी दिलेलं कारण असं की राजघराण्याला धीर धरवला नाही. राजवाड्याच्या सावलीतल्या गावाने राजवाड्याबद्दल असं सांगावं आणि राजवाड्याने ते शतकानुशतकं ऐकून घ्यावं, ही साधी गोष्ट नाही.

## “पण मग राजा नापासच झाला की!”

हो, झाला. या कथेचं मला सर्वांत आवडतं अंग हेच आहे. आपण वाचलेल्या बहुतेक परीक्षाकथांत भक्त पहिल्याच फेरीत पैकीच्या पैकी मिळवतो. हरिश्चंद्र स्मशानात डगमगत नाही, शिबी मांडीचं मांस कापून देतो. इंद्रद्युम्न मात्र प्रत्येक ठिकाणी आधी चुकतो. गुपित चोरून आणवतो, लवाजमा घेऊन जातो, ओंडका जोराने ओढवतो, दार उघडू देतो. प्रत्येक चूक राजेपणातून आलेली आहे: मला कळलंच पाहिजे, मिळालंच पाहिजे, दिसलंच पाहिजे.

मूर्ती अर्धवट पाहून तो कपाळाला हात लावतो. आमच्या आजीच्या नियमाने पाहिलं तर त्या विसर्जित करायला हव्या होत्या. पण वाणी सांगते की असंच राहायचं आहे; मला घ्यायला हात लागत नाहीत आणि चालायला पाय. राजाला त्याच्या चुकीसकट, त्या चुकीच्याच आकारात देव स्वीकारावा लागतो. खंडित मूर्ती आणि ही मूर्ती यांतला फरकही इथेच कळतो. आजीच्या बाळकृष्णाचा हात तुटला होता. तो आधी होता, नंतर गेला. जगन्नाथाचा हात तुटलेला नाही. तो देवाने घेतलेला आकारच तेवढा आहे, असं भक्त मानतात.

## शेवटचा पेपर: हे देऊळ कुणाचं?

मंदिर उभं राहिलं. प्राणप्रतिष्ठेला साक्षात ब्रह्मदेवच हवा, म्हणून राजा ब्रह्मलोकाला जातो. तिथे थोडा वेळ थांबतो आणि परत येतो, तेवढ्यात पृथ्वीवर युगं उलटलेली असतात. मधल्या काळात देऊळ वाळूत गाडलं गेलं. गाल नावाच्या दुसऱ्याच राजाच्या घोड्याला वाळूत कळसाची ठेच लागली, त्याने ते उकरून काढलं आणि आता तो म्हणतो, देऊळ माझं.

दोन राजे, एक देऊळ. साक्षीदार कोण? लोककथेत इतका जुना जिवंत साक्षीदार म्हणजे भुशुंडी कावळा आणि तळ्यातली कासवं. ती साक्ष देतात की बांधणारा इंद्रद्युम्नच.

हे कासव याआधीही भेटलेलं आहे. महाभारताच्या वनपर्वात याच नावाच्या राजाची गोष्ट आहे. पृथ्वीवरची त्याची कीर्ती विरली, म्हणून तो स्वर्गातून खाली पडतो. “मला ओळखता का?” असं तो मार्कंडेय ऋषींना विचारतो. ते म्हणतात, नाही बुवा. मग हिमालयातलं एक जुनं घुबड, त्याच्याहून जुना एक बगळा, असं विचारत विचारत ते अकूपार नावाच्या कासवापाशी येतात. राजा वाटेत घोडा होऊन ऋषींना वाहून नेतो, हा बारकावाही मजेदार आहे. कासवाच्या डोळ्यांत पाणी येतं. “ओळखणार नाही कसा? याने दान दिलेल्या गाईंच्या खुरांनीच हे तळं खणलं गेलं.” राजाला स्वर्ग परत मिळतो. पुरीतल्या इंद्रद्युम्न सरोवराबद्दलही गाईंच्या खुरांची हीच गोष्ट सांगतात.

महाभारतात राजाला नाव हवं आहे. नाव टिकलं तर स्वर्ग टिकतो. पुरीच्या लोककथेत साक्ष त्याच्या बाजूने लागते, दावा जिंकतो, आणि देव वर माग म्हणतो तेव्हा तो मागतो: माझा वंश राहू देऊ नकोस. पुढे कुणी वारस उठून ‘हे देऊळ आमच्या पूर्वजांचं’ म्हणायला नको.

आपल्या देवळांत जरा मान वर करून पाहा. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव, बाकावर ‘यांच्या स्मरणार्थ’, पायरीच्या फरशीवर नाव, म्हणजे ते रोज तुडवलं जातं तरी चालेल पण असावं. त्यात वाईट काही नाही. त्यामुळेच पंखे येतात. पण ज्याने अख्खं देऊळ बांधलं, त्याने पाटी तर नकोच, पाटी लावू शकेल असं माणूसही मागे नको, असं म्हणावं! दान देणं राजाला कधीच कठीण नव्हतं. ‘माझं’ हा शब्द सोडणं कठीण होतं, आणि पेपर त्याच शब्दावर होता.

## हे खरंच घडलं का?

इंद्रद्युम्न राजाचा ऐतिहासिक पुरावा नाही. आज दिसतं ते मंदिर बाराव्या शतकात पूर्व गंग घराण्यातल्या अनंतवर्मन चोडगंगदेवाने बांधायला घेतलं. त्याने स्वतःच्या राज्यात देऊळ बांधलं, आणि पुढे सांगण्यात मात्र मान गेला तो माळव्यातून आलेल्या पुराणकाळच्या परक्या राजाला.

इतिहासात खरी कलाटणी येते तेराव्या शतकात. त्याच घराण्यातला अनंगभीमदेव तिसरा आपल्या लेखांत म्हणतो की राज्याचा राजा पुरुषोत्तम, म्हणजे जगन्नाथ, आणि आपण त्याचा ‘राउत’. राउत म्हणजे हाताखालचा अधिकारी, प्रतिनिधी. आपल्याकडचं राऊत आडनावही याच कुळातलं. थोडक्यात, सातबारा देवाच्या नावावर आणि राजा वहिवाटदार.

1568 मध्ये बंगालच्या सुलतानाचा सेनापती काळापहाड याने पुरीवर हल्ला केला आणि मूर्ती जाळल्या गेल्या. पुढे पुरीजवळच्या खुर्द्याच्या राजाने, रामचंद्रदेवाने, पूजा पुन्हा सुरू केली, तेव्हा त्याला पदवी मिळाली ‘अभिनव इंद्रद्युम्न’, नवा इंद्रद्युम्न. कथा घडली नसेलही, पण खऱ्या राजांना मोजायची फूटपट्टी तीच होती.

## “म्हणजे हे सगळं राजकारणच ना?”

राजकारण होतंच. जर्मन इतिहासकार हर्मान कुल्के यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. राजाने स्वतःला देवाचा सेवक म्हणवून घेतलं की त्याची गादी हलवणं अवघड होतं. पंधराव्या शतकातल्या कपिलेंद्रदेवाच्या देवळातल्या लेखांत तर राजाज्ञा मोडणं हा जगन्नाथाचा द्रोह ठरवलेला आहे. नम्रता आणि धमकी एकाच दगडावर.

पण सेवक म्हणवून घ्यायचं तर सेवा करून दाखवावी लागते, तीही चारचौघांत. तिथे झाडू येतो.

## झाडूची गोष्ट

ओडिशाच्या राजांची पदवी गजपती. रथयात्रेत गजपतीने तिन्ही रथ झाडायचे आणि चंदनाचं पाणी शिंपडायचं, या विधीला ‘छेरा पहंरा’ म्हणतात. जगन्नाथाचा रथ सोळा चाकांचा, बलभद्राचा चौदा, सुभद्रेचा बारा. एकूण 42 चाकं. राजाने झाडल्याशिवाय यातलं एकही फिरत नाही.

ओडिशात यावरची सर्वांत लाडकी कथा पुरुषोत्तमदेवाची आहे. हा कपिलेंद्राचा मुलगा, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. कांचीच्या राजकन्येशी, पद्मावतीशी, त्याचं लग्न ठरत होतं. कांचीच्या राजाच्या कानावर गेलं की हा तर झाडूवाला. झाडणाऱ्याला मुलगी देणार नाही, असा निरोप आला. पुरुषोत्तमदेव चिडून चालून गेला आणि हरून परत आला. देवापुढे रडला. दुसऱ्यांदा निघाला, तेव्हा त्याच्या आधी काळ्या आणि पांढऱ्या घोड्यांवरून दोन स्वार पुढे गेले. वाटेत माणिका नावाच्या गवळणीकडून ते दही प्याले, आणि मागून राजा येतोय, पैसे तो देईल, म्हणून अंगठी ठेवून गेले. राजाने अंगठी पाहिली आणि ओळखली. ती जगन्नाथाची होती. चिलिका सरोवराकाठचं माणिकपाटणा हे गाव त्या गवळणीच्या नावाचं मानतात.

कांची पडली. राजाने रागाच्या भरात मंत्र्याला सांगितलं, या मुलीचं लग्न एखाद्या झाडूवाल्याशी लावून दे. शहाण्या मंत्र्याने रथयात्रेपर्यंत मुलीला सांभाळलं. राजा रथ झाडत असताना तिला पुढे आणलं आणि म्हणाला, महाराज, याच्याहून चांगला झाडूवाला मला सापडला नाही.

या कथेत इतिहास किती, यावर मतभेद आहेत. पुरुषोत्तमदेव दक्षिणेत लढला, इतकं पक्कं.

त्याच्या नंतरच्या प्रतापरुद्रदेवाची परीक्षा तर आणखी नाजूक. 1510 मध्ये बंगालचे कृष्णभक्त संत चैतन्य महाप्रभू पुरीत आले. संन्याशाने राजाचं तोंड पाहू नये, म्हणून ते प्रतापरुद्राला भेटेनात. राजा निरोपांवर निरोप पाठवतोय आणि ते नाही म्हणताहेत. चैतन्यांच्या चरित्रात लिहिलं आहे की रथापुढे हा राजा झाडू मारताना त्यांनी पाहिला आणि त्यांचं मन वळलं. मग राजा राजवस्त्रं उतरवून साध्या वैष्णवाच्या वेषात गेला, विश्रांती घेत असलेल्या महाप्रभूंचे पाय चेपू लागला आणि भागवतातलं गोपीगीत म्हणू लागला. तेव्हा त्याला आलिंगन मिळालं. मुकुटासह अर्ज नामंजूर, झाडूसह मंजूर.

## “वर्षातून एक दिवस झाडू मारला, बाकी दिवस राजाच की!”

हा आक्षेप रास्त आहे, आणि मी तो पूर्ण खोडू शकत नाही. सोन्याच्या मुठीच्या झाडूने पोटासाठी करावी लागणारी झाडलोट होत नाही. पुरीत महाप्रसाद एका पंगतीला, जातपात न पाहता खाल्ला जातो, असं अभिमानाने सांगतात. त्याच देवळाची दारं दलितांना मात्र बंद होती. मार्च 1938 मध्ये देलांगच्या मुक्कामात कस्तुरबा पुरीच्या देवळात जाऊन आल्या, तेव्हा गांधीजी व्यथित झाले होते, कारण जिथे हरिजनांना प्रवेश नाही तिथे आपल्या माणसांनी जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. झाडू मारणारा राजा आणि बंद दार एकाच आवारात नांदत होते.

तरीही विधीचं एक वेगळं काम असतं. लग्नात नवरा मुलगा घोड्यावर बसतो म्हणून तो स्वार होत नाही, पण त्या दिवशी त्याच्याकडे पाहण्याची सगळ्यांची नजर ठरून जाते. इथे उलट आहे. सगळ्या प्रजेने वर्षातून एकदा राजाला वाकलेला पाहायचं. संस्थानं गेली, गादी गेली, पण हे काम राहिलं. आजचे गजपती महाराज दिव्यसिंह देव 1970 पासून ते करत आहेत, आणि 1955 च्या जगन्नाथ मंदिर कायद्यानुसार ते व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही आहेत. राज्य नाही, झाडू आहे. आणि अध्यक्षपदाची खुर्ची आहे ती मालकाची नाही.

आपल्याकडे आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात आणि रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला सोबत पूजेचा मान मिळतो. पुरीत त्याच एकादशीला, रथ परत आल्यावर, देवांना सोन्याचे दागिने घालतात. त्याला सुना बेश म्हणतात. इकडे विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा, तिकडे जगन्नाथाला सोन्याचे हात बसवलेले. राज्यकर्त्याला दोन्हीकडे जागा आहे. काम मात्र वेगळं नेमलेलं आहे.

## मराठ्यांनी या परीक्षेत काय केलं?

1751 ते 1803 ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. म्हणजे अर्ध्या शतकाहून जास्त काळ जगन्नाथाच्या दाराशी सत्ता मराठी बोलत होती. देवळाचा कारभार त्यांनी खुर्द्याच्या राजाकडून स्वतःकडे घेतला. पुरीच्या सिंहद्वारासमोर उभा असलेला अरुणस्तंभ त्यांच्याच काळात कोणार्कच्या पडीक सूर्यमंदिरासमोरून उचलून आणला गेला. एकसंध काळ्या दगडाचा, सोळा पैलूंचा, सुमारे 34 फूट उंच. वर सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसलेला. आज पुरीला जाणारा प्रत्येक मराठी माणूस त्याला वळसा घालून आत जातो, आणि हा इतिहास क्वचितच कुणाला ठाऊक असतो.

पण याच मराठ्यांनी यात्रेकरूंकडून करही घेतला. इंग्रजांनी तो पुढे चालवला आणि 1840 मध्ये बंद केला. देवाच्या दारात नाके लावून पैसे घेणं इंद्रद्युम्नाच्या फूटपट्टीवर कसं मोजायचं, ते प्रत्येकाने ठरवावं. मला तरी अरुणस्तंभाने ते खातं पूर्ण भरून निघालेलं वाटत नाही.

## आणि विश्वावसूचं काय झालं?

कथेतल्या विश्वासघाताची भरपाई झाली का, हा प्रश्न शेवटपर्यंत टोचतो. भरपाई झाली असं म्हणणं धाडसाचं होईल. पण त्याचा हिस्सा राहिला.

पुरीत दैतापती नावाचे सेवक आहेत. ते विश्वावसूच्या कुळातले मानले जातात, देवाचे नातलग. ज्येष्ठी पौर्णिमेला 108 घडे पाण्याने अंघोळ घातल्यावर देवांना ताप येतो, आणि मग पंधरा दिवस दर्शन बंद. त्या काळात देवांची शुश्रूषा दैतापती करतात. पक्वान्नं बंद, फळं आणि कंदमुळं. आजारी माणसाचं करतात तसं. रथयात्रा संपेपर्यंत देवाजवळचा पहिला हक्क त्यांचाच.

लाकडाच्या मूर्ती कायम टिकत नाहीत. अधिक आषाढ येतो त्या वर्षी, साधारण 8 ते 19 वर्षांनी, कडुनिंबाची नवी झाडं शोधून नव्या मूर्ती घडवतात. याला नवकलेवर म्हणतात, म्हणजे नवं शरीर. अलीकडची दोन 1996 आणि 2015 सालची. जुन्या मूर्ती देवळाच्या आवारात कोइली वैकुंठात पुरल्या जातात, आणि दैतापती घरचं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात, मुंडण करतात.

त्याआधीची रात्र सर्वांत महत्त्वाची. जुन्या मूर्तीच्या आत ‘ब्रह्मपदार्थ’ म्हणून जे काही असतं, ते काढून नव्या मूर्तीत ठेवायचं. हे काम मोजके ज्येष्ठ दैतापती करतात. 2015 मध्ये ते ठरल्या वेळी न होता दुसऱ्या दिवशी झालं, तेव्हा ओडिशात केवढा गहजब झाला होता. हा ब्रह्मपदार्थ काय असतो, हे तो ठेवणाऱ्यालाही कळायचं नसतं, म्हणून हातांना कापड गुंडाळलेलं असतं, नुसता स्पर्शसुद्धा होऊ नये. गाभाऱ्यात त्या वेळी गजपती नसतात. विश्वावसूने एकदा जावयाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. आता त्याचे वंशज ती स्वतःच्या डोळ्यांवर बांधून आत जातात आणि दार लावून घेतात.